बारावा मंगळवार

४ जानेवारी २०२५, शनिवार

पोचले एकदाची! कारंज्याच्या स्टँडवर दोन बॅगा घेऊन उतरले, एक पुस्तकांची आणि दुसरी तिच्याहून जड. घरमालकीण ललिताबाईंनी पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी लग्न झालं का, का नाही झालं, पगार किती, सगळं विचारून घेतलं. मी मनोविकारतज्ज्ञ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हंजे पागलांची डाक्टरीन?" नाही, उदास माणसांची, असं सांगितलं. "मंग तं लय काम पडन तुमाले," म्हणाल्या आणि इतकी तिखट वांग्याची भाजी वाढली की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं.

उदासी आणि ताण यांवरचं तीन वर्षांचं संशोधन आहे. पुण्यात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे. हे काम तडीस गेलं तर ती माझीच. खोटं कशाला बोलू, मला ती हवी आहे.

७ जानेवारी, मंगळवार

इंझोरी गावात पहिला दिवस. समाजमंदिराची खोली मिळाली, बाहेर एक लांब बाक. तीस बाया आल्या. पंधरा जणींना आजपासून उपचार, पंधरा जणींना बारा आठवड्यांनी, म्हणजे उपचाराने खरंच फरक पडतो का ते कळेल. कोण आधी, कोण नंतर, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मी निवडत नाही, म्हणजे माझ्यावर बोल नाही.

बहुतेकींना लिहिता येत नाही. गावची आशा सेविका चंदा भलतीच हुशार निघाली. तिने सुचवलं, प्रत्येकीला नंबराची पिशवी द्यावी. दिवस बरा गेला तर संध्याकाळी तुरीचा दाणा टाकायचा, वाईट गेला तर उडदाचा. दर मंगळवारी ती पिशव्या गोळा करणार. पुण्यातल्या हुशारांना हे सुचलं नसतं.

सतरा नंबर आवडाबाई. पंचेचाळिशीची, विधवा, दिराच्या मळ्यात सांबार, म्हणजे इकडची कोथिंबीर, आणि वांगी लावते. थांबण्याची चिठ्ठी आली तेव्हा ती उलटीसुलटी करून पाहत राहिली.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत! मी वेडीने तारीख बघितलीच नाही. हळदीकुंकू, वाण, एकही बाई फिरकली नाही. एकटी आवडाबाई आली, डब्यात तिळाचे लाडू घेऊन. म्हणाली, "आज बोलू का बाई? तीन महिने कायले थांबू?" तिला नियम समजावला. जिवाला धोका असेल तर थांबवायचं नाही असंही नियमात आहे, म्हणून प्रश्नावली भरली. धोक्याच्या आकड्याला एका गुणाने कमी पडली. सांगितलं, बाराव्या मंगळवारी, एक एप्रिलला, पहिला नंबर तुमचा. "पक्का न?" पक्का, म्हटलं. लाडू छान होते.

२१ जानेवारी, मंगळवार

सतराच्या पिशवीत सात उडीद. नोंद केली.

२८ जानेवारी, मंगळवार

आवडाबाई गेली. शनिवारी, मळ्यातल्या विहिरीत. चंदा सांगताना रडत होती. म्हणाली, संक्रांतीला बिनकुंकवाच्या बाईला कोणी घरात बोलवत नाही, त्या दिवशी तिला जायला तुमचीच जागा होती. मला हे माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

मृत्यू कळवला तर संशोधनावर देखरेख करणारी समिती काम थांबवणार, चौकशी लावणार. रकान्यात लिहिलं: "सोडून गेली." मधेच काम सोडणाऱ्यांसाठी असतो तो रकाना. तिला आपण काहीच दिलं नव्हतं, तेव्हा आपल्यामुळे काही झालं नाही, असं दिवसभर स्वतःला सांगते आहे. दुसऱ्या कोणी माझ्यासमोर बसून हे सांगितलं असतं तर मी मान हलवली असती आणि एक शब्द खरा मानला नसता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ढिगात सतरा नंबरची पिशवी. सात उडीद, ओले. चंदाला नको ते बोलले. ती शपथ घेऊन सांगते, दिराने ती पिशवी लुगड्यांबरोबर जाळली, तिने डोळ्यांनी पाहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा. उडदांना मोड आलेत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भर दुपारी, कडक ऊन. बाकाचं टोक ओलं. बाया दाटीवाटीने बसतात आणि ते टोक रिकामं ठेवतात. सोजरबाई, सगळ्यांत म्हातारी, नव्या बाईला म्हणत होती, "सरक वं, तिले बसू दे." मी विचारलं, कोणाला? म्हातारीने माझ्याकडे रागाने पाहिलं नाही, कीव केल्यासारखं पाहिलं. "ते कोनाले काही करत नाही बाई. नंबराची वाट पाहून राह्यली."

भीती वाटायला हवी. वाटतेच. पण त्याहून जास्त लाज वाटते.

११ मार्च, मंगळवार

समितीला पत्र लिहिलं. सगळं खरं. पाठवलं नाही. ओला बाक — आता मलाही ती दिसते. पदर, त्यातून ठिबकणारं पाणी. तोंड खाली.

१८ मार्च

पत्र पाठवलं. खुर्ची गेली, जाऊ दे. थांबलेल्या सगळ्या बायांचे उपचार आजच सुरू केले. वाटलं, आता ती —

२५ मार्च

आली होती. बोटांवर मोजत होती. एक बोट उरलं.

१ एप्रिल, मंगळवार

पळून जाता आलं असतं. ललिताबाई इंझोरीला जाऊ नका म्हणत होत्या. आले. पक्का म्हटलं होतं.

दार उघडून मीच हाक मारली. सतरा नंबर. बाकावरच्या बायांनी पाय आखडून वाट दिली.

समोर बसली आहे. तिचा केसपेपर मी कधी केलाच नाही, म्हणून या वहीत लिहून घेते. हात ओले, शाई पसरते —

म्हटलं, तुम्ही सोडून गेलात असं मी लिहिलं, माझं चुकलं. तिने मान वर केली. "म्या कुठं सोडलं, बाई? मी तं थांबूनच होती."

रडू आवरत नाही. तिने विचारलं, घाई तं नाही न?

नाही, म्हटलं. हवा तेवढा वेळ.

दार कधी लागलं? गारठा आहे. चंदा हाका मारते आहे, माझं नाव घेऊन, पण आवाज फार लांबून, वरून — खूप वरून —

ती बोलायला लागली. ती म्हणते, पहिल्यांदा