सैंधवाच्या खड्यातला उजेड

कट्टा पंचक्रोशीतल्या आयांनो, तुमच्या मुलींनी विज्ञानाचे प्रयोग गाईडमधून वहीत उतरवले. साहित्याला कोणी हात लावू दिला नाही. हे गाऱ्हाणं तुमचं आणि माझं एकच, म्हणून हे मृत्युपत्र तुम्हाला उद्देशून.

मी, शर्मिष्ठा गुरुदास परुळेकर, वय ७४, निवृत्त विज्ञान शिक्षिका. बुद्धी शाबूत, जीभ त्याहून शाबूत. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबावाबद्दल मात्र लिहिते.

१. माझ्या पगारातून बांधलेलं राहतं घर शाळेच्या प्रयोगशाळेला. "आये, माका घर कशाक? शाळेक दी," हे माझ्या मुलाचे, मिहीरचे शब्द.

२. स्क्रूने आवळायचा लोखंडी शिकंजा, प्रकाश गाळणाऱ्या दोन पट्ट्या आणि सैंधवाचे खडेही शाळेला. लढाई यांनी जिंकली. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे माझे दीर, गुरुप्रसाद. त्यांनी प्रयोगशाळेत मांडवाच्या खुर्च्या भरून कुलूप ठोकलं होतं. वार्षिक सभेत मी दिव्यासमोर दोन्ही पट्ट्या एकमेकींना आडव्या धरल्या, पलीकडे काळोख. मधल्या शिकंज्यात खडा बसवला, तरी काळोखच.

"वयनी, ह्यां मीठ कढयेत घाला!" भावजी म्हणाले. सभा हसली.

"घालतंय. आधी तुमी जरा आवळा."

त्यांनी स्क्रू आवळला आणि खड्यातून उजेड फुटला! सैल केला, मावळला. हे मीठ प्रकाशाला सगळ्या दिशांनी सारखं. दाबलं की उभं वेगळं, आडवं वेगळं. प्रकाशाची चाल दुभंगते आणि त्याला वाट मिळते. दाबलं की सगळं विझतं, असं मानणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

तिथेच मी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, त्या खोलयेचां कुलूप निघान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभा गरजली. जन्माच्या सवयीने भावजीही गरजले. ठराव एकमताने मंजूर!

"सवयीन निघालां वो वयनी, माझां मत धरू नकात!"

धरलं. खुर्च्या त्याच आठवड्यात बाहेर.

३. सभेतला तो एक खडा मात्र गुरुप्रसाद भावजींना. त्यांनी हौसेने इतका आवळला की दाब काढल्यावरही उजेडाचे पट्टे त्यात कायमचे राहिले. शाळेत येऊन त्या दोन पट्ट्यांमधून अधूनमधून बघावा.

४. माझ्यामागे खुर्च्या परत आत येऊ शकतात. खोली रिकामी दिसली तर येतीलच. म्हणून माझ्या तेराव्याला जेवणावळ नको. आयांनो, त्या दिवशी आपापल्या मुलीला प्रयोगशाळेत घेऊन या आणि शिकंज्याचा स्क्रू तिच्या हातात द्या.

स्थळ: कट्टा, ता. मालवण
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

सही: शर्मिष्ठा गुरुदास परुळेकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. सारिका तेंडोलकर
२. गुरुप्रसाद परुळेकर (या खेपेस वाचून, समजून)