ऑइल कोणाकडे बदलायचं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. मामाकडे गाडी न्यायची नाही. संपलं!

कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या आईने डोळ्यांना पदर लावला की माझं मन डगमगायला नको. आज सकाळी गुडघेवाल्या आजींकडे जाताना चढावर इंजिन खडखडलं. डबा हलवल्यासारखं. आजींच्या दारात बोनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली, पांढऱ्या कागदावर टेकवली — काजळ! मामाने ऑइल बदलून जेमतेम तीन आठवडे झालेत. पेट्रोलच्या गाडीत मधासारखं ऑइल तीन आठवड्यांत काजळ होत नाही. हे मला मामानेच शिकवलंय. अठरा वर्षांची होते, गाडी शिकवताना. कागदाची युक्तीही त्याचीच.

दिवसाला सात घरं करते मी. कुणाचा पाय, कुणाची कंबर, कुणाचा लुळा पडलेला हात. फिजिओथेरपीचा माझा दवाखाना म्हणजे ही गाडी. ती रस्त्यात बसली तर सात माणसं अंथरुणात वाट बघत राहणार.

नवरा म्हणाला, "मामा मामाच्या जागी, ऑइल ऑइलच्या जागी. सरळ कंपनीच्या वर्कशॉपला टाक." इतकी वर्षं संसार करून पहिल्यांदा काहीतरी मुद्द्याचं बोलला.

४ फेब्रुवारी

आईचा फोन. (तिला कुणी सांगितलं? नवऱ्यानेच! मुद्द्याचं बोलणं एवढ्यावर थांबायला हवं होतं.)

"माझ्या भावाचं गॅरेज सोडून परक्याच्या दारात गाडी लावणार तू? भाचीचाच विश्वास नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला जातील त्याच्याकडे?"

"आई, गाडीला नातं कळत नाही."

"तुला तरी कळतं ना?"

फोन ठेवला. कोणी आधी ठेवला ते लिहीत नाही.

५ फेब्रुवारी

बरं. न्याय तर न्याय. एक संधी द्यायची. पण पुराव्यासकट!

ऑइल फिल्टर, ऑइलबरोबर तोही बदलावाच लागतो — डब्याएवढा, इंजिनच्या पुढच्या बाजूला, बोनेट उघडून हात खोल घातला की लागतो. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिला. गडद लाल. मामाला फोन केला, "ऑइल काळं दिसतंय रे, पुन्हा बदल." तो म्हणाला, "घेऊन ये."

ठिपका गेला तर मी पाया पडून माफी मागेन. मनातल्या मनात.

७ फेब्रुवारी

ठिपका जागच्या जागी आहे.

मामा गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसला होता. "या डॉक्टरीणबाई!" नेहमीसारखंच. चहा मागवला, आजींच्या गुडघ्याची चौकशी केली. मी तिथेच थांबते म्हटलं तर म्हणाला, "समोर कुणी उभं राहिलं की हात चालत नाही माझा. दोन तासांनी ये." दोन तासांनी गेले. गाडी पुसून चकाचक. "झालं बघ!"

घरी येऊन बोनेट उघडलं, बॅटरीच्या उजेडात बघितलं. लाल ठिपका, टपोरा. पट्टीवरचं ऑइल थोडं उजळलेलं — म्हणजे वरून ताजं ओतलंय आणि खालचं तसंच!

माझ्या मामाने! परीक्षेला सोडायला यायचा तो. माझ्या लग्नात पाहुण्यांच्या बंद पडलेल्या गाड्या कोट काढून दुरुस्त करत होता. मला खोटं सांगताना त्याने नजरही चुकवली नाही. वर चहा पाजला!

रागाने भांडी घासली. एक कप फुटला. मामीनेच दिलेला होता, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.

१० फेब्रुवारी

कंपनीचं वर्कशॉप. काचेचं दार, गारवा, कॉफीचं मशीन. टाय घातलेल्या माणसाने बोनेटसुद्धा न उघडता अकरा गोष्टी बदलायला सांगितल्या. अकरा! मी फक्त ऑइल म्हटलं होतं.

"मी आत उभी राहून बघू शकते का?"

"ग्राहकांना आत परवानगी नाही, मॅडम. तुम्ही कॉफी घ्या."

ही जात मी ओळखते. मान आखडली म्हणून गेलं की घोट्यापर्यंतचे एक्स-रे काढायला लावणारी. शिवाय गाडी दिवसभर त्यांच्याकडे ठेवायची, म्हणजे माझी सात घरं बोंबलली. कॉफी घेतली. गाडी परत आणली.

१२ फेब्रुवारी

पेट्रोल पंपाशेजारी "दहा मिनिटांत ऑइल". दहा मिनिटांत मी कुणाचा खांदाही नीट बघत नाही. बाद.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज जे केलं ते आईला कळलं तर माझं नाव टाकेल.

मिस्त्रीकडे गेले. मामाचा मिस्त्री! बावीस वर्षं मामाच्या हाताखाली होता. गेल्या वर्षी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ह्याने नदीपलीकडे स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचा विषय काढायचा नाही. आई त्याला "तो खाल्ल्या घरचे वासे मोजणारा" म्हणते. मीही म्हणत होते. कारण विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पण काम येतं त्याला, हे आईसुद्धा नाकारणार नाही. मी ताठ मानेने गाडी आत घातली. "ऑइल बदलायचंय. मी इथे उभी राहणार."

"उभ्या राहा की ताई. खाली या, दाखवतो."

गाडी वर उचलली. मी तिच्या पोटाखाली, मान वर करून. त्याने ऑइल सोडायच्या बोल्टला पाना लावला. हलेना. जोर लावला, पुन्हा लावला, मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवली तेव्हा कुठे कर्रकन सुटला. आलं ते ऑइल नव्हतं, डांबर होतं. संथपणे, जाड धारेने खाली पडत होतं.

"ताई, हा बोल्ट वर्षभरात कुणी उघडलेला नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुमच्या मालकांची कृपा."

मला वाटलं, आता हा सुरू होईल. मामाचे वाभाडे काढेल आणि मीही हातभार लावेन. तयारीनेच गेले होते. पण तो बोल्ट पुसत राहिला. मग म्हणाला, "इंजिन वाचलंय. थोडक्यात." आणि जरा थांबून, "तुम्ही दिवसभर लोकांचे हातपाय बघता ना? एकदा मालकांचा उजवा हात बघा."

"म्हणजे?"

"मी तेच सांगायला गेलो होतो त्यांना. खालची कामं मी करतो, तुम्ही वरची बघा, डॉक्टरला दाखवा. त्यावर मला म्हणाले, तुला गॅरेज गिळायचंय. मग मी निघालो."

गाडी लोण्यासारखी चालतेय. मला मात्र घरी येईपर्यंत आठवत होतं ते एकच — मामाने त्या दिवशी चहा डाव्या हाताने दिला होता. मी निघाले तेव्हा हात हलवला तोही डावा.

वीस वर्षं खांदे बघतेय मी!

१७ फेब्रुवारी

पहिल्या दोन घरांना उशिरा येते म्हणून कळवलं आणि सरळ गॅरेज. मामा एकटाच. पेपर वाचत होता, पेपर गुडघ्यांवर.

"मामा, उजवा हात वर कर."

"आज काय, सकाळी सकाळी कवायत?"

"वर कर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग केला. छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. खांदा कानाकडे चढला, दात आवळले गेले, हात पुढे सरकेना. पाठीमागे न्यायला सांगितला तर खिशापर्यंतही जाईना. आखडलेला खांदा. शिकायला आलेली पहिल्या वर्षाची मुलगीही ओळखेल.

"किती दिवस?"

"वर्ष होईल. सवा वर्ष."

मग माझा बांध फुटला. "मला सांगता येत नव्हतं? खोटं बोलून वरून ऑइल ओतत बसलास! चढावर इंजिन बसलं असतं म्हणजे? मागे ट्रक असता म्हणजे?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फिल्टरवरचा ठिपका दिसला होता मला. रंग छान आहे."



"दिसला होता? मग पुसायचा होतास! नाहीतर—"

"पुसला असता तर तुझा विश्वास बसला असता. पुढच्या वेळी परत आली असतीस आणि मी परत तेच केलं असतं. तोंडाने सांगवत नव्हतं. म्हटलं, राहू दे. तुझं तुला कळेल."

"आणि बाकीच्यांच्या गाड्या? त्यांनाही असंच?"

"छे! त्यांना परत पाठवतो. जागा नाही, माल आला नाही, काहीही सांगतो. वरवरची कामं तेवढी घेतो." पेपरची घडी घालत होता, एका हाताने, जमत नव्हती. "तुला काय सांगून परत पाठवू? तू आलीस की वाटायचं, गॅरेज अजून चालू आहे."

राग गेला नाही. अजूनही आहे. पण घडी मीच घातली पेपरची.

१८ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे ठीक. रक्तात साखर निघाली — म्हणूनच खांदा इतका हट्टाला पेटला असणार. मामी म्हणाली, "आणि मला वाटायचं हा माझ्यावर रागावून त्या कुशीवर झोपत नाही!"

आता हा पेशंट माझा. सहा महिन्यांत याला गाडीखाली घालते की नाही बघा!

३ मार्च

मामासारखा वाईट पेशंट जन्मात पाहिला नाही. वीस वेळा सांगितलं की बारा वेळा करतो आणि वीस मोजतो. आज मी मोजायला बसले तर म्हणे, "तुझे आकडे फार सावकाश आहेत."

२९ मार्च

भिंतीवर खडूने रेघ मारलीय. बोटं चालवत हात जिथवर जाईल तिथे. दर रविवारी नवी रेघ. पहिलीपेक्षा आजची चार बोटं वर. मामा आलेल्या-गेलेल्याला दाखवतो, जसा काही घरातल्या लहान मुलाची उंची मोजतोय!

आईला सगळं सांगून टाकलं, मिस्त्रीकडे गेल्याचंही. ती म्हणाली, "वर्षभर त्या माणसाला नावं ठेवत होते मी." आणि लगेच, "पण तू आधी बघायला हवं होतंस. डॉक्टरीण ना तू?" फिरून माझ्यावरच!

२६ एप्रिल

हात कपाळाला लागला. केस स्वतः विंचरले. भांग वाकडा. मी तसाच राहू दिला.

१७ मे

आज मिस्त्रीला घेऊन गेले. मुद्दाम. मामाला न सांगता. दोघंही आधी माझ्या गाडीविषयी बोलले — टायर, ब्रेक, पुढचा आवाज. दहा मिनिटं गाडीच! मग मामा म्हणाला, "बोल्ट फार घट्ट होता का रे?" मिस्त्री म्हणाला, "तुम्हीच आवळलेला होता. घट्ट असणारच." मामाने खुर्ची पुढे सरकवली. उजव्या हाताने.

मी बाहेर जाऊन उगाच काच पुसत बसले.

१४ जून

हात कानामागे. अजून थोडा ताठा आहे, पण जोर येतोय. आज पाना हातात दिला, रिकामा बोल्ट लावून आवळायला-सोडायला लावला. दुखलं नाही म्हणाला, आणि चेहरा बघून खरं वाटलं.

माझा बेत पक्का आहे. ऑगस्टमध्ये गाडीचं पुढचं ऑइल मामाच्या गॅरेजात, मामाच्या हातून. मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस येऊन अवजड कामं बघेल — त्याच्याशी बोलून ठेवलंय, तो हो म्हणालाय. परत पाठवलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायची यादी मामीकडून करून घेतेय. मामाला इतक्यात सांगायचं नाही. हात पूर्ण वर गेला की त्याच दिवशी सांगणार! बघतेच कसा नाही म्हणतो.

११ जुलै

यादी पर्समध्ये घालून सकाळी गॅरेजवर गेले. मामा स्टुलावर उभा होता. दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ, अगदी कोपरापासून ताठ. गॅरेजची पाटी खिळ्यावरून उचलून घेत होता. मिस्त्री खाली उभा होता, स्टूल धरून. शटरची चावी आता मामाच्या नाही, मिस्त्रीच्या खिशातून डोकावत होती.

"मामा! हे काय? मग पाच महिने ते व्यायाम कशासाठी केलेस?"

तो पाटी छातीशी धरून हळूच खाली उतरला. बाहीने तिच्यावरची धूळ पुसली.

"ह्याच्यासाठीच," म्हणाला. "दुसऱ्या कुणी उतरवलेली मला चालली नसती."