एनेमाक सगळ्यात शेवटी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

धाकटे लिमोराक,

बरी असशील. इथे सगळे बरे आहेत. मी मेले असते तर वाटणीचं विचारायला तुझाच फोन आधी आला असता. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस. शाळेत तू गेलीस, मी मासे वाळवत होते.

नीरफणस यंदा लगडलेत. धाकट्या नातीला दात आले. रांगते, आणि भातापेक्षा माती जास्त खाते.

गेल्या महिन्यात विष मोजणारी माणसं आली होती. आपल्याकडे फोडलेल्या अणुबाँबचं मातीत मुरलेलं विष खरवडायला यंदा पैशाचं बळ एवढंच, की एक तर गाव साफ होईल, नाहीतर उत्तरेचं एनेमाक बेट. सभेत त्यांच्या बाईंनी विचारलं, "एनेमाकला कोण जातं? तिथलं काय खाता?"

आपला सरपंच आंजेट पायाकडे बघत म्हणाला, "कोणी जात नाही हो. बंदी आहे ना."

झालं! सगळे बाप्ये माना डोलवायला लागले. पाहुण्याला आवडेल तेच बोलायचं, एवढीच आपल्या लोकांची अक्कल. बाई बिचारी लिहून घेत होती.

मी म्हटलं, "आंजेट, काल बाईंच्या पानात वाढलास तो नारळखेकडा एनेमाकहून पोहत आला होता काय रे?"

बाईंचा हात पोटावर गेला. "आजी, तिथला? आणि एवढा मोठा मलाच दिलात?"

"पाहुण्याला लहान देतात का कुठे?"

हसून हसून छप्पर उडायची वेळ आली. बाईही हसल्या. म्हणाल्या, एका खेकड्याने काही होत नाही. वर्षानुवर्षं खाल्लं, लेकरांनी खाल्लं, की वाईट. मग बाप्यांनी सगळं खरं ओकलं. कोण कधी होडी नेतो, काय आणतो.

"मग आधी कुठे?" बाईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एनेमाक आईकडून आलेलं, थोरली मी, शब्द माझा.

आंजेट कुजबुजला, "आजी काय, स्वतःचीच जमीन सांगणार."

मी सांगितलं, आधी गावातली अंगणं आणि चुलीच्या खोपी. पोरं तिथे रांगतात. मग गावातल्या झाडांना बाईंनी आणलेलं ते खत, म्हणजे झाड विष सोडून खतच पिईल. एनेमाक सगळ्यात शेवटी.

आता आमच्या अंगणातली माती खरवडून पोवळ्याची नवी पांढरी खडी पडलीय. पोरगी दिवसभर त्यात लोळते. मी निवांत चटया विणते. इतकी निवांत मी कधीच नव्हते.

शेवटी म्हणजे आपल्या हयातीत नाही, हे तुला कळलं असेलच. तिकडच्या कोंबड्यांच्या कारखान्यातून सुटलीस की तू एनेमाकला आईच्या थडग्याशेजारी घर बांधणार होतीस. ठाऊक होतं मला. मुद्दाम विचारलं नाही. तू रडली असतीस आणि मी शब्द फिरवला असता.

आमच्या घराच्या पूर्वेला तुझ्या घरासाठी खुंट्या ठोकल्यात. जागा नवऱ्याच्या माणसांची आहे. त्यांनाही विचारलं नाही.

परवा होडीने एनेमाकला जाऊन आईला सांगून आले. येताना खेकडा नाही, हात रिकामेच. ती काही बोलली नाही. आता तू बोल.

तुझी थोरली,
नेबोन