रुख्मिणीचा मंगळवार

नालवाडी, वर्धा
२२ ऑगस्ट २००८

चि. सौ. मीरास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. सगळं म्हणजे मी, समुपदेशनाची ती खोली आणि तू इथे काम करायचीस तेव्हाचा करकरणारा पंखा. साकेतराव बरे असतील. ईमेल सोडून पत्र का, असं तुला वाटेल. ते पुढे सांगते.

आधी भांडण. मंदाबाईंची आचल तुझ्याकडे असते म्हणे. आंजी गावची पोर. जीप उलटली तेव्हापासून गाडीत बसायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडायचे. चार महिने माझ्यासमोर बसली, एकदा तर माझा हात धरून सेवाग्रामपर्यंत बसनं आली. मग यायचीच बंद झाली. जूनमध्ये मंदाबाई बाजारात भेटल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. तुमच्या दारात पोरीची चप्पल दिसते, मंग लोक इचारते, इले काय झालं म्हनून. कॅफेत कोन कोनाले पाह्यते? पुन्याच्या मीरा मॅडम कम्प्युटरवर समजावून राह्यल्या तिले. आता बरी हाय."

पुण्याच्या मीरा मॅडम! भाजीची पिशवी धरून मी तिथेच उभी राहिले. चपला बाहेर काढायला मीच सांगते, घरी आल्यासारखं वाटावं म्हणून. वीस वर्षांत त्या रस्त्यावरून दिसतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. जळले गं, खरंच जळले. समोरच्याचे डोळे वाचायला तुला मी शिकवलं, आणि तू डोळे न बघताच माझी माणसं घेऊन चाललीस.

मग मी एक हलकटपणा केला. चौकातल्या निकेशच्या इंटरनेट कॅफेत जाऊन त्याच्याकडून रुख्मिणी नावाचं खातं उघडून घेतलं आणि तुला लिहिलं. रोहणा गावची बाई, शिवणक्लास चालवते, झोप येत नाही. तू चार गोड वाक्यं पाठवशील, ती छापून घेईन आणि तुझं पितळ उघडं पाडीन, असं मनात होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची, त्यामुळे हस्ताक्षराचीही भीती नव्हती.

गोड वाक्यं आलीच नाहीत. तू विचारलंस, लिहिताना तुमच्या पाठीमागून कोणी वाचतं का? त्रास वाढला तर गावात कोणाकडे जाल, त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. मी गावातली घरं एकेक आठवून बघितली. एक नाव सुचलं नाही मला.

दर मंगळवारी पाच वाजता मी असते, म्हणालीस. झेपेल तेवढंच लिहा, छाती धडधडली तर थांबा आणि समोर दिसणाऱ्या तीन वस्तूंची नावं लिहा. मी 'पंखा, पाटी, निकेशची पाण्याची बाटली' असं लिहिलेलं तुला आठवत असेल. सहाव्या मंगळवारी रुख्मिणीनं तुला सांगितलं, की मशीनच्या आवाजात फोनची घंटी ऐकू आली नाही आणि तिकडे तिचा नवरा गेला.

मशीन खोटी होती, नवरा खरा होता. बाकी सगळं तुला माहीत आहे.

शाळेत हरिभाऊंच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शिपायानं चार वेळा आपल्याकडे फोन लावला. चारही वेळा एंगेज. समोर माणूस बसलेला असताना रिसीव्हर काढून ठेवायचा, हा माझा नियम. त्या दिवशी तो तू काढून ठेवलास. चौदाव्या दिवशी मी कामावर बसले आणि लोकांनी माझं कौतुक केलं. तू दारात येऊन विचारायचीस, "ताई, बोलायचं का?" मी म्हणायचे, "फाइल आण." तुझ्या लग्नाला कंबर दुखते म्हणून आले नाही. कंबर बरी होती.

आता मला सगळ्यात जास्त हेवा त्या रुख्मिणीचा वाटतो. तिला तू लिहिलंस, की तुमच्या समोरच्या बायकांना तुम्ही पूर्ण लक्ष देत होतात, त्याची इतकी मोठी शिक्षा कोणी देत नाही, तुम्हीच देताय. ते वाचून मी त्या दिवशी घरी येऊन जेवले आणि झोपले. पण पत्ता तिचा होता, माझा नव्हता; म्हणून हे पत्र माझ्या पत्त्यावरून, माझ्या अक्षरात.

या मंगळवारी तू विचारलंस, "त्या दिवशी शिवणाच्या वर्गात अजून कोणी होतं का? त्या व्यक्तीला कधी विचारलंत, ती कशी आहे?" मी निकेशचे पैसे दिले आणि उठून आले.

होतं, मीरा. तू होतीस. चोवीस वर्षांची होतीस आणि मी सांगितलं तेवढंच केलंस. सहा वर्षं मी तुला दोष देत आले. तोंडानं कधी बोलले नाही, नुसत्या फाइली मागत राहिले. चूक तुझी नव्हती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

ओळखीच्या माणसाला समुपदेशनासाठी स्वतः घ्यायचं नाही, दुसऱ्याकडे पाठवायचं, हेही तुला मीच शिकवलंय. म्हणजे हे पत्र वाचलंस की रुख्मिणीला सोडावं लागेल. तिचा मंगळवार जाणार म्हणून मला रडू येतंय, तर येऊ दे. आचलला मात्र सोडू नकोस. ती तुझ्याकडेच बरी आहे.

आणि तू कशी आहेस, ते मला सांग. केव्हाही फोन कर, माझ्यासमोर कोणी बसलेलं असलं तरी कर. रिसीव्हर जागेवर आहे.

तुझी,
नमिताताई