तीस बायकांचा कारखाना

रविवार, ता. ९

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण सगळं वाचून झाल्यावर. आम्ही ठीक आहोत. यांची पाठ अजून धरलेलीच आहे. दिवसभर भिंतीला टेकून मला स्वयंपाक शिकवतात. भाजी करपली तर माझी, जमली तर यांची. ठकीला पाठवलेला फ्रॉक बसला का? कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांचा आहे, म्हणून गळा जरा शर्टासारखा झालाय.

दोन्ही पत्रांत तू एकच विचारलं आहेस, "ठकीला न्यायला कधी येतेस?" सांगते. पण आधी कारखान्याचं ऐक, कारण घोडं तिथेच अडलंय.

मी शर्टांना काजं करते ते तुला माहीत आहे. कायदा असा आहे की तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं. आम्ही एक्केचाळीस होतो. आणि पाळणाघर होतं की! दारावर तशी पाटी होती. आत कापडाचे तागे. तपासणीची कुणकुण लागली की तागे जिन्याखाली जायचे, चटया अंथरल्या जायच्या, भाड्याचा एक लाकडी घोडा यायचा आणि मुकादम सांगायचा, "उद्या लहान पोरं घेऊन या. आणि रडली तर बघा!" बायका पोरांना नटवून आणायच्या. एक दिवस तरी लेकरू जवळ राहतंय, याचाच त्यांना आनंद. मालकाच्या लबाडीला आपण पावडर लावून देतोय, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

या वेळी तपासणीला एक बाई आल्या. सरळ चटईवरच बसल्या. घोड्यावर इस्त्रीवालीचा मुलगा होता आणि घोड्यावरचं प्लास्टिक फाटू नये म्हणून मुकादम त्याच्या मागे उभा होता. बाईंनी मला विचारलं, "तुमचं मूल यातलं कोणतं?"

मला पढवून ठेवलं होतं. "मला मूल नाही" एवढंच म्हणायचं. ताई, तेवढं काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "माझी लेक बहिणीकडे असते, एका रात्रीच्या प्रवासावर. ही खोली उद्या पुन्हा गोदाम होणार आहे. खरं बघायचं असेल तर उद्या या."

बाई खरोखरच दुसऱ्या दिवशी आल्या. खटला झाला. मालकाला काय काय शिक्षा होऊ शकते ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, त्यात तुरुंगही होता. मी तर मनातल्या मनात ठकीसाठी चटईसुद्धा निवडली, खिडकीजवळची. त्याच भरात तुला लिहिलं की पुढच्या महिन्यात न्यायला येते. शेवटी झाला नुसता दंड. रक्कम ऐकून मालकाच्या हिशेबनिसाला हसू आवरेना, म्हणून तो खोकला.

मग मालकाने आम्हाला बोलावलं. आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाला, "कायद्यापुढे आपण कोण? तीसच्या वर बायका असल्या तर पाळणाघर लागतं. तर मग आपण तीसच ठेवू."

अकरा जणी गेल्या. त्यांच्या जागी पुरुष आले. आम्ही धावत त्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "आता मला काही करता येत नाही. आता तो कायद्यात बसतोय." बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता. पण दुसऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर कुणाची चूल पेटत नाही.

आणि मी? मी तिसांत आहे! तक्रार करणारीलाच काढलं तर सूड उगवला म्हणून दुसरा खटला होईल, असं वकिलाने मालकाला बजावलंय म्हणे. इस्त्रीवाली अकरांत गेली. परवा फाटकाशी मला अडवून म्हणाली, "खरं बोललीस ना? मग ये संध्याकाळी, माझ्या पोराच्या ताटात ते खरं वाढ." जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर आता कुणी बसत नाही. सगळं केलं मालकाने आणि तोंड लपवतेय मी!

तर ताई, मी येत नाही. पुढच्या महिन्यात नाही, आणि कधी ते मला माहीत नाही. नोकरी सोडून ये म्हणशील, तर घरात पगार एकच, माझा. ठकीला इथे आणली तर ठेवू कुणाजवळ? यांना स्वतःची पाठ उचलवत नाही, पोर कुठून उचलणार? इस्त्रीवालीची सासू सांभाळेन म्हणाली होती, ते दारही आता बंद झालं.

तू लिहिलंस की ठकी तुला आई म्हणायला लागली आहे. तू दर वेळी "मावशी म्हण" म्हणतेस आणि ती रडते. ती ओळ मी इतके दिवस वाचलीच नाही, असं स्वतःला सांगत होते. ताई, म्हणू दे तिला. मला राग येतो. मालकाचा येतो, माझा येतो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा तुझाही येतो. पण त्यापायी पोरीने का रडायचं?

तिला माझ्याकडून एक पापी दे. कुणाची म्हणून विचारलं, तर सांग,

तिच्या मावशीची.