मास्तरला जावई केलं, त्याची हकिगत

ती. अक्कम्मा अक्कास, धाकट्या भावाचा शरणु. तुझे गुडघे कसे हायत? भावजींचा खोकला थांबला का? इकडं तुरी बऱ्या हायत, मी बरा हाय, शाळा सोडून सगळं बरं हाय.

पोरगी चांगल्या घरी दिलास तरी रडायलास कामून, असं तू विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायलोय. आपल्या शाळेचे जुने मास्तर रिटायर झाले आणि जागा रिकामीच राहिली. तालुक्याला अर्ज घेऊन गेलो तर शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, ट्रेनिंग झालेले मास्तर साऱ्या जगातच कमी पडायलेत. (ऐकून जरा बरं वाटलं. म्हणजे आपल्याच गावावर कुणाचा राग न्हाई.) तोवर आमची नेत्रावती बारावी होऊन घरी होती, तीच पोरांना घेऊन बसायची. अक्षरं, पाढे, नाकं पुसणं, सगळं तिच्याकडं. पोरं तिला टीचर म्हणायची. मग प्रशांतकुमार आले. वर्षाच्या बोलीवरचे, पण रीतसर शिकलेले मास्तर. पोरं वाचायला लागली, अक्का. बंडेप्पाच्या दुकानातल्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडीनात. आणि मला भीती बसली, हा माणूस जाणार. शाळा समितीचा अध्यक्ष मीच. आम्ही पारावर बसून अक्कल चालवली, की मास्तरचं लग्न गावातच लावलं तर ते जातील कुठं? लग्नाची पोरगी शोधली तर माझीच निघाली. (ठराव एकमतानं झाला. मीही हात वर केला.) पोरीला विचारलं तर ती खाली बघून हसली. ते दोघं काही आमच्या ठरावाची वाट बघत बसले नव्हते, असं आता वाटायलंय.

लग्नानंतर दोन महिन्यांत जावयांना कायमची नोकरी लागली, पार यादगीरकडं. बायको नवऱ्यामागं जाती, हे एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं न्हाई. एक मास्तर धरून ठेवायला गेलो आणि दोन घालवून बसलो. त्यांच्या जीपमागं सगळी शाळा पळाली. लेकीसाठी रडावं का शाळेसाठी, मला कळेना. दोन्हीसाठी रडलो.

आता शाळेला कुलूप लागू नये म्हणून मीच जाऊन बसतो. बाराच्या पुढचा पाढा मला येत न्हाई, हे पोरांना कळलंय. तिसरीतली यल्लम्मा रोज विचारायची, टीचर कधी येणार? काल तिनं विचारलं न्हाई. आलीच न्हाई ती. शेळ्यांमागं गेली, असं तिची आई म्हणाली. मला भाकरी गोड लागली न्हाई.

तुझा,
गुरुशांतप्पा

ता.क. तुझ्या शिवलीलाचं डी.एड. झालंय म्हणं. तिला एक वर्ष इकडं धाड. तिच्यासाठी स्थळ बघणार न्हाई, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगतो.

आणखी एक ता.क. पत्र बंद करताना नेत्रावतीचा फोन आला. दिवस गेलेत, बाळंतपणाला इकडंच येणार. तिला आई न्हाई, तेव्हा तूही ये. पण बातमी ऐकून माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "किती महिने राहशील?" ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही मला बोलवायलाव का टीचरला?" फोन ठेवून मी हे पाकीट परत उघडलं. शिवलीलाला तिच्या आधी धाड, अक्का. माझी पोर दमून येईल. तिला लेक म्हणून येऊ दे.