दगडावरचं नाव

मी, सत्यशीला सटवाजी वाव्हळे, वय ५८, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. पिंपळदरा, ता. जिंतूर, जि. परभणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. शरीर थकलं, डोकं ठिकाणावर आहे. वस्तीत काहींचं मत वेगळं आहे. ते त्यांनी स्वतःपाशी ठेवावं.

१. राहतं दोन खणांचं घर विहार समितीला देते. अट एकच. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या रागात गावानं वस्ती पेटवली, तेव्हा बाबासाहेबांची तसबीर काढायला माझा बाप जळत्या विहारात शिरला. खिडकीतून तसबीर बाहेर दिली. तो आला नाही. त्याच्यासाठी बसवलेल्या दगडावर "एक भीमसैनिक" एवढंच आहे. तिथं "सटवाजी" कोरावं.

समितीचा अध्यक्ष माझा धाकटा भाऊ सिताराम. धम्मासाठी त्यानं स्वतःचं नाव सिद्धार्थ करून घेतलं, चांगलंच केलं. पण मेलेल्या बापालाही तो सत्यजित करायला निघाला. म्हणाला, "अक्का, सटवाईचं नाव दगडावर कोरलं तर लोक हसतील."

मी म्हणाले, "जळाला तो सटवाजी होता."

दोघंही हटलो नाही. समितीनं नावच गाळलं.

२. माझ्या लिखाणाची पेटी. त्यात आपल्या माणसांची माया आहे, झाडाझडतीही आहे. एका नावासाठी घरं जाळून घेतली आणि आपल्यालाच बापाचं नाव नको झालं, असा लेख मी मासिकात लिहिला. बाईनं समाजाची अब्रू वेशीवर टांगली, असं म्हणून वस्तीनं लग्नाकार्याचं बोलावणं बंद केलं. तेही सोसलं. पण वस्ती पेटवताना ज्यांच्या घरच्या पोरांनी टेंभे धरले होते, ते किशनराव शाळेत येऊन म्हणाले, "बाई, लय खरं लिहिलंत."

त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही. पेटी कोणाला द्यावी कळत नाही. कोणालाच देत नाही.

३. किशनरावांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. शोकसभा झालीच तर.

४. शेजारीण चतुराबाई, सगळ्यांनी तोंड फिरवलं तरी भाकर आणून देते. साक्षीदाराला काही लिहून देऊ नये, असं वकील सांगतात. म्हणून शेळी कालच तिच्या दारी बांधली.

५. परवा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. वस्तीत पेढे वाटले, मलाही एक आला. मी लय रडले. समिती माझी अट पाळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी घर तिचंच. मला दुसरं कोण आहे?

दुसरा साक्षीदार म्हणून भावालाच बोलावलं आहे. पूर्ण नावानं सही कर, एवढंच त्याला सांगितलं.

पिंपळदरा, दि. १६ जानेवारी १९९४

सही: सत्यशीला सटवाजी वाव्हळे

साक्षीदार:
१. चतुराबाई वाव्हळे, डाव्या अंगठ्याची निशाणी
२. सही: सिद्धार्थ सत्यजित वाव्हळे